म्होरक्याच्या पंखाकडे नजर

वाचकहो, ज्या विमानाला एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या असतात त्याला दुपंखी विमान म्हणतात. राइट बंधूंनी १९०३ साली ज्या यंत्राने पहिले उड्डाण केले ते याच घडणीचे होते. आणि आपल्या भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी १९३३ साली उभी राहिली, तीही ‘वापिटी’ नावाच्या दुपंखी विमानांवरच. पुढे इंजिने बलाढ्य झाली, धातूचे एकेरी पंख आले, आणि प्रवासाच्या व युद्धाच्या कामातून हे जुने वाहन हळूहळू निवृत्त झाले. एका ठिकाणी मात्र ते अजूनही मानाने नांदत आहे. ते ठिकाण म्हणजे विमानांची जत्रा.

जत्रा हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्याकडे गावच्या सणाला मुलाबाळांसह माणसे लोटतात, दुकाने लागतात, वाद्ये वाजतात; तशीच माणसे अमेरिकेत आणि युरोपात उन्हाळ्याच्या दिवसांत एखाद्या विमानतळाच्या माळावर लोटतात आणि दिवसभर माना वर करून बसतात. एकट्या वैमानिकाने आकाशात घेतलेल्या कोलांट्या पाहून ती टाळ्या पिटतात. परंतु तीन दुपंखी विमाने एकमेकांपासून काही फुटांवर राहून, एकाच दोरीने बांधल्यासारखी एकदम उलटी होतात, तेव्हा टाळ्याही क्षणभर थांबतात. त्या क्षणाच्या पाठीमागे काय असते ते आज सांगावयाचे आहे, आणि त्यासाठी मी एका अमेरिकन त्रिकुटाची हकीकत निवडली आहे.

चार्ली हिलार्ड, जीन सूसी आणि टॉम पोबेरेझ्नी ही त्या तिघांची नावे. हिलार्ड हा टेक्सास राज्यातील फोर्ट वर्थ शहरी मोटारगाड्यांचा व्यापार करीत असे. सूसी हा प्रवासी विमानांचा वैमानिक. पोबेरेझ्नीचे वडील पॉल यांनी १९५३ साली, घरच्या घरी स्वतःच्या हातांनी विमाने बांधणाऱ्या हौशी लोकांची संस्था स्थापन केली होती. तिचा कारभार पुढे टॉमकडे आला. म्हणजे तिघेही आपापल्या उद्योगाचे गृहस्थ होते. सैन्याच्या कवायती संघात वैमानिक दोन-तीन वर्षांसाठी नेमला जातो आणि मग त्याची बदली होते. या तिघांची बदली करणारा कोणी नव्हता. १९७१ साली ते एकत्र उडू लागले आणि १९९५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षे, तेच तिघे उडत राहिले.

आरंभी त्यांच्या संघाचे नाव ‘रेड डेव्हिल्स’, म्हणजे तांबडे सैतान, असे होते. हे नाव आपल्या वाचकांच्या कानांना रुचणार नाही. १९७९ साली त्यांनी ते बदलून ‘ईगल्स’, म्हणजे गरुड, असे केले. मात्र त्याचे कारण धार्मिक नव्हते. त्यांनी विमाने बदलली आणि नव्या विमानांचेच नाव ‘ईगल’ होते, एवढेच.

त्यांच्या कसबाविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. १९७२ साली फ्रान्समधील सालाँ-द-प्रोव्हाँस येथे हवाई कसरतींची जागतिक स्पर्धा झाली. तिच्यात अमेरिकेचा संघ विजयी झाला, आणि हे तिघेही त्या संघात होते. स्त्रियांमध्ये मेरी गॅफनी आणि पुरुषांमध्ये हिलार्ड पहिले आले. पुरुषांचे जागतिक अजिंक्यपद मिळविणारा हिलार्ड हा पहिला अमेरिकन होय.

आता त्यांच्या विमानांकडे वळू. आरंभीची तांबडी विमाने ‘पिट्स स्पेशल’ जातीची होती. फ्लॉरिडातील कर्टिस पिट्स या कारागिराने ही जात दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात जन्मास घातली. तत्पूर्वीची कसरतीची विमाने मोठी आणि जड असत. पिट्सने विचार केला की, विमान जितके लहान आणि हलके करावे तितके ते चपळ होईल. बेटी स्केल्टन नावाच्या तरुणीने त्याचे एक छोटे विमान घेतले आणि १९४९ व १९५० अशी दोन वर्षे लागोपाठ अमेरिकेतील स्त्रियांचे अजिंक्यपद पटकावले. जमिनीपासून अवघ्या दहा फुटांवर ताणलेली फीत ती विमान उलटे ठेवून कापीत असे! पुढच्या काळात या जातीत सुधारणा होत गेल्या. रेड डेव्हिल्सच्या वेळच्या एका पिट्स विमानाच्या पंखांचा विस्तार या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेसतरा फुटांहूनही कमी होता. आपल्या घराच्या ओसरीची लांबी मोजून पाहा, म्हणजे हे यंत्र किती चिमुकले होते त्याची कल्पना येईल.

पंखांच्या दोन जोड्या कशासाठी? विमान उचलून धरण्यासाठी पंखांना ठराविक क्षेत्रफळ लागते. ते एकाच पंखात बसवावयाचे तर पंख लांब होतो, आणि लांब पंख गिरकी घेताना आळशी असतो. तेच क्षेत्रफळ दोन आखूड पंखांत वाटून एकावर एक मांडले, मधे खांब उभे केले आणि तारांनी ताणून बांधले, तर हलका परंतु अत्यंत भक्कम असा पिंजरा तयार होतो. माचा आडव्या-तिरप्या बांबूंनी आवळून बांधणाऱ्यास यातील तत्त्व निराळे सांगावयास नको. तारा आणि खांब वाऱ्याला अडवतात, म्हणून दुपंखी विमान फार वेगाने जात नाही. परंतु जत्रेत हा दोष गुणच ठरतो. जेट विमान एक फेरा घेण्यासाठी डोंगराआड दिसेनासे होते. हे छोटे विमान प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढेच वळते, चढते, उतरते आणि पुन्हा समोर येते.

उलटे उडताना इंजिन बंद कसे पडत नाही, हा प्रश्न आमच्या बालवाचकांना निश्चित पडला असेल. रॉकेलचा दिवा उलटा धरला तर काय होते ते तुम्हांस माहीत आहे. या विमानांत पेट्रोलच्या टाकीतील नळी लवचिक असते आणि तिच्या टोकाला वजन बांधलेले असते. विमान उलटे झाले की पेट्रोल ज्या बाजूस जाते त्याच बाजूस ते वजनही पडते, आणि नळीचे तोंड सदैव पेट्रोलातच बुडालेले राहते. इंजिनातील वंगणाचे तेल मात्र इतक्या सहजासहजी ऐकत नाही. त्याच्यासाठी कॅलिफोर्नियातील फ्रँक क्रिस्टेन्सन या गृहस्थाने झडपांची एक युक्ती काढली. त्यानेच पुढे ‘क्रिस्टन ईगल’ विमान तयार केले आणि त्याचे सुटे भाग पेट्यांत भरून, बांधणीच्या तपशीलवार पुस्तिकांसह, घरी विमान बांधू इच्छिणाऱ्यांना विकले. हिलार्ड आणि त्याच्या सोबत्यांनी वापरलेली विमाने याच घराण्यातील, परंतु एकाच माणसासाठी केलेली आणि अधिक जोरकस इंजिनाची होती. प्रत्येकाच्या कुशीवर गरुडाची रंगीत पिसे रंगविलेली असत.

येथवर झाली ती यंत्राची गोष्ट. खरी गोष्ट माणसाच्या नजरेची आहे.

तीन विमाने बाणाच्या टोकासारखी उडतात तेव्हा पुढचा वैमानिक म्होरक्या असतो. ईगल्समध्ये ही जागा हिलार्डची होती. त्याच्या दोन्ही अंगांस, किंचित मागे, जोडीदार असतात. प्रेक्षकांस वाटते की तिघेही सभोवार पाहत आपापले विमान चालवीत आहेत. वस्तुस्थिती तशी नाही. जमीन कोठे आहे, वारा कोणत्या दिशेने ढकलतो आहे, प्रेक्षकांची रेषा किती दूर आहे, उंची पुरेशी आहे की नाही, हे सर्व पाहणे एकट्या म्होरक्याचे काम. जोडीदार यांपैकी काहीही पाहत नाहीत. ते फक्त म्होरक्याच्या विमानाकडे पाहतात. त्या विमानावरील दोन खुणा, उदाहरणार्थ पंखाचे टोक आणि पंख्याच्या पुढचे नाक, एका ओळीत दिसल्या की आपण आपल्या जागी आहोत, हे त्यांस कळते. खुणा किंचित सरकल्या की हाताची किंचित हालचाल करावयाची. अशा बारीकसारीक दुरुस्त्या सारखी चालू असतात. कोलांटीच्या माथ्यावर जोडीदार उलटा लटकत असतो, जमीन त्याच्या डोक्यावर असते. परंतु विचाराल तर त्याला दिसत असतो तो केवळ सोबत्याच्या पंखाचा कडेचा भाग. सूर्य डोळ्यांत आला तरी नजर हलविता येत नाही. एक क्षण ती खाली गेली तर पुढच्या क्षणी पंख पंखावर आदळण्याचा संभव.

यामुळे म्होरक्याचे उडणे निराळ्या प्रकारचे व्हावे लागते. जगज्जेत्याची सवय झटकन वळण्याची, विमानाकडून त्याची संपूर्ण ताकद वसूल करण्याची. म्होरक्याला ही सवय सोडावी लागते. त्याने इंजिनाचा सारा जोर स्वतःच वापरला तर मागे पडलेल्या जोडीदाराने काय वापरावे? म्हणून तो काही जोर नेहमी राखून ठेवतो. तिघे मिळून संपूर्ण गिरकी घेतात तेव्हा म्होरक्या आपल्याच अंगाभोवती फिरतो; परंतु त्याच्या एका बाजूच्या सोबत्याला त्याच्यावरून चढून जावे लागते आणि दुसऱ्याला खालून वळसा घालावा लागतो. त्या दोघांची वाट अधिक लांबीची असते. म्हणून म्होरक्याने सावकाश, एकसारखे आणि आगाऊ सूचना देऊन फिरावे लागते. कोलांटीच्या तळाशी शरीराचे वजन चौपट झाल्यासारखे भासते, सत्तर किलोचा माणूस २८० किलोचा होतो. त्या भाराखालीही त्याचा हात दचकता कामा नये. उत्तम म्होरक्या प्रेक्षकांस कंटाळवाणा वाटेल इतका शांतपणे उडतो, असे म्हटले तरी चालेल. हिलार्डचे मोठेपण मला त्याच्या अजिंक्यपदापेक्षा येथे अधिक दिसते. एकट्याने जग जिंकू शकणाऱ्या माणसाने पंचवीस वर्षे दोन सोबत्यांच्या सोयीने विमान चालविले.

परंतु म्होरक्याच खाली गेला तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी अमेरिकन हवाई दलाचा ‘थंडरबर्ड्‌स’ हा जेट विमानांचा संघ नेव्हाडाच्या वाळवंटात सराव करीत होता. चार विमाने एका ओळीत शेजारी-शेजारी राहून कोलांटी घेत होती. म्होरक्याच्या विमानाचे नियंत्रण अडकले आणि ते कोलांटीच्या तळाशी वेळेवर वर येऊ शकले नाही, असे हवाई दलाच्या चौकशीत ठरले. उरलेल्या तिघांची विमाने ठाकठीक होती. परंतु त्यांच्या नजरा, त्यांस शिकविल्याप्रमाणे, म्होरक्याकडे होत्या. चारही विमाने जवळजवळ एकाच क्षणी जमिनीवर आदळली आणि चौघेही वैमानिक मृत्यू पावले.

या घटनेवर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या तिघांचे काय चुकले? काही नाही. त्यांनी डोळे वर-खाली करावयास हवे होते असे घरबसल्या म्हणणे सोपे आहे. परंतु अर्धा विश्वास ठेवून अशी कवायत करताच येत नाही. जो जोडीदार म्होरक्याची परीक्षा घेत-घेत उडेल तो पहिल्याच गिरकीत त्याला धडकेल. तेव्हा उपाय जोडीदाराकडे नसतो, तो म्होरक्याकडे आणि जमिनीवरच्या तयारीकडे असतो. कोलांटीच्या माथ्यावर किती उंची हवी हे आधीच ठरलेले असते. ती भरली नसेल तर म्होरक्याने विमान खाली ओढावयाचे नाही, सरळ करून बाहेर पडावयाचे. मग प्रेक्षक काहीही म्हणोत. आणि विमान आकाशात जाण्यापूर्वी यंत्राचा खिळा न् खिळा तपासावयाचा. त्या नेव्हाडाच्या घटनेत दोष यंत्राचा होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरी तयारी पाहून अनोळखी माणसास हसू येईल. उड्डाणापूर्वी कवायती संघांचे वैमानिक मोकळ्या जागेत एकामागोमाग एक पावले टाकीत चालतात. म्होरक्या सूचना उच्चारतो, आणि बाकीचे तळहात पंखांसारखे तिरपे करून वळतात, थांबतात, पुन्हा चालतात. लेझीम शिकणारी मुले पहिल्या दिवशी लेझीम हातात न घेता नुसती पावले टाकतात, तसेच हे. प्रत्येक वळण, प्रत्येक शब्द, शब्दाचा सूरसुद्धा ठरलेला असतो. उतरल्यावर पुन्हा बैठक, आणि तीत कोण कोठे किती सरकला याचा स्पष्ट हिशेब. या बैठकीत वडीलकी चालत नाही. ज्या संघात म्होरक्याची चूक त्याच्या तोंडावर सांगता येत नाही, त्या संघात त्याच्या पंखाकडे डोळे लावून उडणे हा वेडेपणा होय.

आतापर्यंत वैमानिकाच्या जिवाविषयी बोललो. जमिनीवर बसलेल्यांचे काय? कोलोराडो राज्यात फ्लॅगलर नावाचे शेतकऱ्यांचे एक लहान गाव आहे. तेथे १५ सप्टेंबर १९५१ रोजी शरदातील उत्सवात विमानाच्या कसरती ठेवल्या होत्या. एक विमान खालून कसरत करीत असता गर्दीत कोसळले. वीस माणसे दगावली, त्यांत अनेक मुले होती. १९८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील रामश्टाइन येथे इटालियन संघाची तीन जेट विमाने एकमेकांवर आदळली, एक प्रेक्षकांवर पडले, आणि सत्तर जण प्राणास मुकले. अशा रक्ताने आजचे नियम लिहिले गेले आहेत. प्रेक्षकांच्या दिशेने तोंड करून कसरत करावयाची नाही. प्रेक्षक आणि कसरतीची जागा यांमध्ये ठरलेले अंतर सोडावयाचे. त्या अंतराच्या आत कोणास येऊ द्यावयाचे नाही. विमानांची जत्रा पाहावयास गेलेल्या वाचकांनी दोरी ओलांडून पुढे जाण्याचा मोह टाळावा तो याकरिता. ती दोरी पोलिसाच्या लहरीने बांधलेली नसते.

आपल्या भागासही हे दुःख अनोळखी नाही. गोव्यात दाबोळी येथे भारतीय नौदलाचा ‘सागर पवन’ नावाचा जेट विमानांचा संघ होता. ३ मार्च २०१० रोजी हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावर त्याची कसरत चालू असता एक विमान जवळच्या वस्तीतील इमारतीवर कोसळले आणि त्यातील दोन्ही अधिकारी मृत्यू पावले. बिदरच्या ‘सूर्यकिरण’ संघाची दोन विमाने १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बेंगळुरूजवळ सरावात आदळली. एका वैमानिकाचा अंत झाला, दोघे हवाई छत्रीने वाचले. हैदराबादच्या आणि सीमाभागातील आमच्या काही वाचकांनी हे संघ डोळ्यांनी पाहिलेही असतील.

मग अशा खेळाला मान का द्यावा, असे घरातील वडील माणसे विचारतील. प्रश्न रास्त आहे. केवळ करमणुकीसाठी जीव धोक्यात घालणे मला पटत नाही, आणि मोटारसायकलचे पुढचे चाक उचलून भर बाजारातून जाणाऱ्या पोरांना या लेखाचा आधार मिळू नये, अशी माझी इच्छा आहे. परंतु त्या पोरांत आणि या तिघांत एक मोठा भेद आहे. पोराला स्वतःचे धाडस दाखवावयाचे असते. कवायती वैमानिकाला स्वतःचे असे काही दाखविता येतच नाही. त्याने काही निराळे करून दाखविले की आकृती बिघडली. शंभरदा तेच वळण, तेच अंतर, तोच सूर. धोका नाहीसा होत नाही, परंतु तो दररोज घासून-पुसून लहान केला जातो. हे काम मला तमाशापेक्षा एखाद्या कुशल गवंड्याच्या कामाशी अधिक जवळचे वाटते.

१९९५ साली ईगल्स संघाने आपली कवायत थांबविली. पंचवीस वर्षे एकमेकांना खेटून उडूनही तिघे धडधाकट घरी परतले. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९९६ च्या एप्रिलमध्ये, फ्लॉरिडातील लेकलंड येथे हिलार्ड दुसऱ्याच एका जुन्या लढाऊ विमानातून एकट्याने उडाला, उतरला, आणि जमिनीवर धावता-धावता ते विमान उलटून त्याचा अंत झाला. त्या वेळी आजूबाजूस जोडीदार नव्हते, कोलांटीही नव्हती.

सूसी त्यानंतर बरीच वर्षे जत्रांमधून उडत राहिला. त्याचे विमानही दुपंखीच होते, परंतु मुळात शेतांवर औषध फवारण्यासाठी बनविलेल्या जातीचे. आणि त्याच्या वरच्या पंखावर टेरेसा स्टोक्स ही स्त्री उभी राहत असे. पोबेरेझ्नीने वडिलांची संस्था चालविली. तिचा वार्षिक मेळावा विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथे भरतो. २५ जुलै २०२२ रोजी, त्या वर्षीच्या मेळाव्याच्या पहिल्याच दिवशी, तो निवर्तला. तेथल्या संग्रहालयाच्या प्रवेशदालनात ती तीन रंगीत विमाने छताला टांगून ठेवली आहेत. हिलार्डचे पुढे, आणि बाकीची दोन त्याच्या पंखांना धरून.